आउटबोर्डचा सेल्फ कधी लागतो, कधी लागत नाही : कृष्णाकाठच्या बोटीवरच्या कामाच्या नोंदी

बोट : मासेमारीची फायबर बोट, लांबी १८ फूट. पलूस तालुक्यात कृष्णेवर चालते. नदी पात्राबाहेर आली की हीच बोट गावातली माणसं आणि जनावरांचा चारा हलवायला लागते.
इंजिन : २५ अश्वशक्ती, दोन-स्ट्रोक, दोन सिलिंडर. सेल्फ आणि दोरी दोन्ही आहेत. गिअर-रेस एकाच दांड्यावर, म्हणजे रिमोट बॉक्स. कोकण किनाऱ्यावर वापरलेलं इंजिन जुनं घेतलं आहे. त्याची वायरिंगही तिथलीच.
तक्रार : चावी फिरवली की कधी लगेच सेल्फ मारतो, कधी काहीच होत नाही. दहा मिनिटांनी आपोआप लागतो.
या नोंदींच्या आधीचा खर्च : नवी बॅटरी ६,८०० रुपये, नवा चावीचा स्विच १,४५० रुपये, सेल्फचे कार्बन मजुरीसह १,२०० रुपये. एकूण ९,४५०. प्रत्येक वेळी चार दिवस बरं चाललं आणि तक्रार परत आली.

४ मे

आज एकही नट सोडवला नाही, आणि ते मुद्दाम. मधूनच येणाऱ्या दोषात पहिला हात कपलरला (वायरी जोडणाऱ्या प्लगला) किंवा टर्मिनलला लागला की सांधा हलतो, दोष तात्पुरता जातो आणि पुरावाही जातो. आधीची तिन्ही कामं अशीच झाली होती. पार्ट बदलताना आजूबाजूच्या वायरी हलल्या, सेल्फ लागला आणि श्रेय नव्या पार्टला मिळालं.

पहिली परीक्षा दोरीची. थंड इंजिन चोक देऊन दोन ओढींत सुरू, गरम असताना एका ओढीत. या इंजिनाला स्पार्कची वीज फ्लायव्हीलखालच्या कॉइलमधून मिळते, बॅटरीतून नाही. दोरीने इतकं सहज सुरू होतंय म्हणजे पेट्रोल, प्लग, सीडीआय (स्पार्क देणारं युनिट) सगळं ठीक. शोध फक्त बॅटरी ते सेल्फ एवढ्यातच करायचा.

दुसरं काम प्रश्न विचारण्याचं. बोट चालवणाऱ्या तात्यांचं म्हणणं, "सेल्फ लागत नाही बघा, दांडा जरा हलीवला की लागतंय." खोदून विचारल्यावर कळलं की त्यांच्या एका तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत :

अ – चावी फिरवली की इंजिनाच्या झाकणाखाली 'टक्' किंवा 'टकटकटक' आवाज येतो, पण सेल्फ फिरत नाही.
ब – आवाजच नाही. पूर्ण शांत.

हा फरक फार महत्त्वाचा. 'टक्' आवाज रिलेचा, म्हणजे बारीक वायरीच्या विजेवर जाड केबलची वाट जोडणाऱ्या स्विचचा. तो आला म्हणजे फ्यूज, चावी, न्यूट्रल स्विच (गिअरमध्ये असताना सेल्फ अडवणारा), बारीक वायरी यांनी आपलं काम केलं. अडचण जाड केबलच्या बाजूला आहे. आवाज नाही म्हणजे बहुधा बारीक वायरींच्या बाजूला. दोन्हींना एकच नाव दिल्यामुळे आजवर एकाचा इलाज दुसऱ्यावर होत आला.

बोटीत एक वही ठेवली. दोष आला की लिहायचं : आवाज आला की नाही, इंजिन थंड की गरम, त्याच्या लगेच आधी काय केलं होतं.

७ मे

दोष नदीच्या मधोमध येतो तेव्हा तिथे मीटर घेऊन कोणी नसतं. म्हणून दोन बल्ब कायमचे बसवले. मोटरसायकलच्या पार्किंगचे १२ व्होल्ट ५ वॅटचे साधे बल्ब घेतले, एलईडी नाही. साधा बल्ब व्होल्टेज कमी मिळालं की मंद जळतो, ते डोळ्यांना दिसतं. एलईडी बहुतेक वेळा ती गोष्ट लपवतो.

बल्ब १ : रिलेला चावीकडून येणाऱ्या बारीक तपकिरी वायरीवर. (वायरीचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात, आपल्या इंजिनाचा नकाशा बघावा.)
बल्ब २ : रिलेतून सेल्फकडे जाणाऱ्या जाड टर्मिनलवर, ओळीत २ अँपिअरचा फ्यूज टाकून.

दोन्ही बल्बांची परतीची वायर इंजिनाच्या अंगाला न जोडता थेट बॅटरीच्या मायनसवर नेली. हे चुकवून चालत नाही. इंजिनाची अर्थिंगच खराब असेल तर इंजिनाला जोडलेला बल्ब खोटं बोलतो.

वाचायची पद्धत दांड्याजवळ रंगाने लिहून ठेवली :
दोन्ही बंद – फ्यूज, चावी, न्यूट्रल स्विच, कपलर.
पहिला लख्ख, दुसरा बंद – रिले किंवा रिलेची अर्थिंग.
दोन्ही लख्ख, सेल्फ थांबलेला – सेल्फ किंवा मायनसची केबल.

बल्ब, होल्डर, वायर, फ्यूज मिळून २३० रुपये. या सगळ्या कामात सर्वांत उपयोगी पडलेला खर्च हाच.

१४ मे

वहीतून जे दिसलं ते असं. अ प्रकार बहुतेक वेळा इंजिन वर उचलून परत खाली घेतल्यावर येतो. काठाला पाणी उथळ, त्यामुळे बोट लावताना इंजिन उचलावंच लागतं. त्या वेळी दोन्ही बल्ब लागतात. 'टकटक' होत असेल तर दुसरा लुकलुकतो.

ब प्रकाराचा उचलण्याशी संबंध नाही. तो बहुधा सकाळी पहिल्यांदा किंवा बराच वेळ चालवून बंद केल्यावर येतो. त्या वेळी पहिला बल्ब एकदम मंद, दुसरा बंद.

म्हणजे दोष दोन, दोन वेगळ्या जागी. एक बरा केला तरी दुसरा तक्रार जिवंत ठेवणार.

१५ मे

बॅटरी आधी निकालात काढली. रात्रभर चार्ज करून, काही तास तशीच ठेवून १२.६५ व्होल्ट. सहाही खान्यांचं हायड्रोमीटरचं वाचन सारखं. सेल्फ फिरत असताना १०.६ व्होल्ट. फिरताना ९.६ च्या खाली जात नसेल तर बॅटरी चांगली समजावी.

अ दोष चालू असताना बॅटरीवर मीटर लावला तेव्हा १२.५. सेल्फ थांबलेला आणि व्होल्टेज खाली येतच नाही, म्हणजे करंट वाहतच नाही. बॅटरी कमजोर असती किंवा सेल्फ जाम असता तर हा आकडा धाडकन खाली आला असता. हे एक वाचन आधी घेतलं असतं तर नव्या बॅटरीचे ६,८०० वाचले असते.

१६ मे

मायनस बाजू तपासली. पद्धत सविस्तर लिहितो, कारण खरा शोध इथेच लागतो.

आधी लाल दोरीची (ओढली की इंजिन बंद करणाऱ्या, सेल्फच्या दोरीहून वेगळ्या) क्लिप काढली. या इंजिनात क्लिप काढली तरी सेल्फ फिरतो, फक्त स्पार्क बंद होतो, त्यामुळे चाचणी करताना इंजिन सुरू होत नाही. झाकण काढून पेट्रोलची वाफ निघून जाऊ दिली. पंखा काढून ठेवला. एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही. मध्ये दोन मिनिटं विश्रांती.

मीटर २० व्होल्ट डीसीवर. एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खुंटीवर. दुसरं टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर. नंतर सेल्फ मारायचा. चांगल्या केबलमध्ये इथे ०.३ व्होल्टच्या आत यायला हवं.

आलं १.९.

आता तेच अंतर तुकड्यांत मोजलं :
खुंटी ते क्लॅम्प – ०.०५
क्लॅम्प ते इंजिनाकडच्या लगची (केबलच्या टोकाला बसवलेल्या, बोल्टचं भोक असलेल्या धातूच्या तुकड्याची) पाकळी – १.२
लग ते इंजिनाचं अंग – ०.६५

शेवटच्या वाचनाचं कारण दिसतच होतं. लग रंगावर बसवलेला, खाली गंजलेला लोखंडी वॉशर. मधलं १.२ मात्र केबलच्या पोटात होतं. इंजिन वर-खाली करताना केबल लगच्या अगदी मागे वाकते. तिथली काळी टेप सोलली तर आत हिरवी भुकटी. बऱ्याच तारा तुटलेल्या, उरलेल्या काळ्या. केबल मागे कापत गेलो तर सहा इंचांपर्यंत तांबं काळंच. समुद्राचं खारं पाणी लगच्या तोंडातून तारांमधून आत चढलेलं होतं. इंजिन गोड्या पाण्यात आलं तरी आत बसलेलं मीठ काम करतच राहतं. कोकणातून जुनं इंजिन आणणाऱ्यांनी दोन्ही जाड केबल आणल्याबरोबर बदलाव्यात, दिसायला कितीही चांगल्या असोत.

खात्रीसाठी दोष चालू असताना जंपर केबलने बॅटरीचा मायनस थेट सेल्फच्या अंगाला जोडला. सेल्फ लगेच फिरला. ठिणगी पेट्रोलपासून लांब पडावी म्हणून जंपरचं टोक आधी लावून मग चावी फिरवावी.

'टकटकटक' का होतं तेही यातून कळलं. रिलेच्या कॉइलची अर्थिंग इंजिनाच्या अंगालाच आहे. रिले लागला की सेल्फ करंट मागतो, परतीची वाट बंद असल्याने इंजिनाचं अंगच दहा-अकरा व्होल्टवर चढतं. मग कॉइलला दोन्हीकडून जवळजवळ सारखंच व्होल्टेज मिळतं, रिले सुटतो. सुटला की अंग परत शून्यावर, रिले परत लागतो. आवाज ऐकून रिले बदलणारे पुष्कळ आहेत. रिलेत काही बिघाड नसतो.

आणखी एक खूण सापडली. रात्रीच्या जाळ्याच्या दिव्याची बारीक काळी वायर बॅटरी आणि इंजिन दोन्हींना जोडलेली होती. तिचं आवरण मऊ पडून चिकटलं होतं. जाड केबल नापास झाल्यावर सेल्फचा करंट या वायरीतून वाट काढत होता. ती पेटली असती. दिव्याचा मायनस आता फक्त बॅटरीवर.

प्लस बाजू : बॅटरी ते सेल्फ, सेल्फ फिरताना ०.७. मर्यादा साधारण ०.५. केबल १६ चौरस मिमीची, या कामाच्या मानाने बारीक.

१८ मे

सांगलीतून २५ चौरस मिमीची तांब्याची केबल, साडेसहा मीटर, ३०० रुपये मीटर. कल्हई केलेल्या तारांची केबल पाण्याजवळ जास्त टिकते, ती मिळाली नाही. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्तात दाखवतात. ती घेऊ नये. चाकूने एक तार खरवडली की आत पांढरं दिसतं.

२५ चौरस मिमी का? एवढ्या सेल्फला फिरताना १०० अँपिअरच्या आसपास लागतात. तीन मीटर केबलमध्ये त्या करंटला साधारण पाव व्होल्ट जातो, ते चालतं.

लग सरसकट ८ मिमी भोकाचे आणले होते, सेल्फचा बोल्ट ६ मिमीचा निघाला. मोठं भोक बारीक बोल्टवर चालवू नये, टेकायची जागा कमी होते. अर्धा दिवस परत फेरीत गेला. बोल्ट आधी मोजून घ्यावेत.

लग हायड्रॉलिक प्रेसवर दाबून घेतले, चार लगचे २०० रुपये. हातोडीने ठोकून चपटा केलेला लग हे आजच्या दोषाचंच बीज असतं. नुसता डाग (सोल्डर) देऊनही भागत नाही. डाग तारांमध्ये पुढे शिरतो आणि तो संपतो तिथे केबल कडक होऊन हादऱ्याने तुटते. लग दाबून झाल्यावर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी, आतून गोंद सुटणारी नळी), लगच्या नळीवरून केबलवर दोन इंच. गोंद कडेने बाहेर डोकावला पाहिजे.

१९ मे

बसवताना : मायनस आधी काढला, शेवटी लावला. इंजिनाकडची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, गंजका वॉशर फेकला, स्टेनलेस बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर. लग थेट धातूवर, वॉशर लगच्या वर. लग आणि धातू यांच्यामध्ये काही नको. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन.

केबलला इंजिनाजवळ एक मोठा झोल दिला आणि लगपासून आठ इंचांवर क्लिपने बांधली. आता इंजिन उचलताना वाक झोलात पडतो, लगच्या मागे पडत नाही.

नंतरची वाचनं : मायनस बाजू ०.२२, प्लस बाजू ०.३. बॅटरी फिरताना १०.९. सेल्फचा आवाजच बदलला.

२५ मे

अ प्रकार नाहीसा. इंजिन वारंवार वर-खाली करून बघितलं, नाही येत.

ब आहे. सकाळी पूर्ण शांत, पहिला बल्ब मंद. तात्यांनी दांडा हलवला, लागला.

दांडा हलवून लागतो म्हणजे न्यूट्रल स्विच, असा सरळ अंदाज येतो. स्विच रिमोट बॉक्समध्ये, दांडा न्यूट्रलला असेल तरच सेल्फला वाट देणारा. स्विच मागवायच्या आधी बॉक्स उघडून त्याच्या दोन वायरी जंपरने एकत्र केल्या. बोट काठाला बांधलेली, पंखा काढलेला, क्लिप काढलेली. जंपर असताना इंजिन गिअरमध्येही सेल्फ मारतं. असं ठेवून बोट पाण्यात सोडायची नाही.

जंपर असतानाही दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला बल्ब मंदच. न्यूट्रल स्विच निर्दोष ठरला. जंपर लगेच काढून वायरिंग पूर्ववत.

२७ मे

मग दांडा हलवल्याने काय होतं? रिमोट बॉक्समधून निघणारा वायरींचा जुडगा बोटीच्या कडेखालून मागे जातो. दांड्याच्या केबली त्याला टायने बांधलेल्या आहेत. दांडा हलला की जुडगा ओढला जातो आणि इंजिनाच्या तोंडाशी असलेला दहा पिनांचा कपलर हलतो.

कपलर न उघडता मोजलं. पातळ शिवणाची सुई वायरीच्या मागच्या बाजूने, रबरी सीलला चिकटून आत सरकवायची आणि सुईला मीटर लावायचा. एकाने चावी धरून ठेवली. दोष चालू असताना :

फ्यूजनंतर – १२.४
चावीच्या सेल्फ टर्मिनलवर – १२.३
न्यूट्रल स्विचनंतर – १२.३
कपलर, बोटीकडची बाजू, तपकिरी – १२.२
कपलर, इंजिनाकडची बाजू, तपकिरी – ३.२

नऊ व्होल्ट एका पिनेत.

ही वायर आधी 'बझर (वायर अखंड असेल तर वाजणारा मीटरचा पीप) लावून तपासली, चांगली आहे' असं सांगितलं गेलं होतं. ते सांगणंही खरंच होतं. बझरमध्ये मीटर अगदी नगण्य करंट सोडतो. पाच-दहा ओहमचा खराब सांधा असला तरी पीप वाजतो. रिलेची कॉइल ४ ओहमची, तिला तीन अँपिअर लागतात. वाटेत अकरा-साडेअकरा ओहम आडवे आले की तिच्या वाट्याला ३.२ व्होल्ट उरतात, रिले हलतही नाही. सेल्फच्या वाटेवर बझरचा निकाल मानू नये. चावी फिरवलेली असताना, भार चालू असताना व्होल्टेज मोजावं.

सगळं मोजून झाल्यावरच कपलर उघडला. तपकिरी वायरीची मादी पिन फाकलेली, आत हिरवट थर. पूर्वी कोणीतरी मीटरची जाड सळई समोरून आत खुपसली असणार. मादी पिन फाकण्याचं नेहमीचं कारण ते. एक सुटी नर पिन घेऊन प्रत्येक भोकात घालून बघितली. चांगल्या पिनेत ती धरून ठेवल्यासारखी घट्ट जाते. तपकिरीत सैल, लाल वायरीच्या पिनेतही सैलसर. इंजिनाकडचं रबरी सील फाटलेलं. झाकणावरचं पाणी जुडग्यावरून ओघळून नेमकं तिथे येत होतं.

३० मे

या कपलरच्या पिना सांगली-मिरजेत नाहीत. रत्नागिरीहून मागवल्या, एसटी पार्सलने येतील. तोवर फाकलेली मादी पिन बारीक टोच्याने दाबून आवळली. हा तात्पुरता उपाय. पत्र्यातली लवचीकता गेलेली असते, ती परत फाकते.

५ जून

पिना आणि सील मिळून ६५०, पार्सल १२०. पार्सलच्या वाट पाहण्यात आठवडा गेला. हाच काळ पुराच्या तोंडावर आला असता तर परवडला नसता. पिनांचा एक जादा संच डब्यात ठेवला.

काम : बॅटरीचा मायनस काढला. कपलर कोमट गोड्या पाण्याने धुतला, कारण मीठ स्प्रेने निघत नाही, पाण्याने निघतं. उन्हात पूर्ण वाळवला, मग कॉन्टॅक्ट क्लीनर. तपकिरी आणि लाल दोन्हींच्या मादी पिना नव्या. नवी सील. तोंडावर सिलिकॉन ग्रीस, पिनेच्या पोटात ठासून नाही.

जुडग्याला कपलरच्या आधी खाली झोल दिला, पाणी झोलाच्या तळातून टपकेल. दांड्याच्या केबलींना बांधलेले टाय कापून जुडगा वेगळा क्लिप केला.

जाता जाता फ्यूजचा होल्डर बदलला. स्प्रिंग तांबूस झाली होती, ९० रुपये.

वाचन : चावी फिरवून इंजिनाकडच्या तपकिरी पिनेवर १२.० व्होल्ट.

६ जून

पंखा बसवला, इंजिन पाण्याच्या बॅरलमध्ये चालवलं. कोरडं चालवलं तर पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर काही सेकंदांत जळतो. अर्ध्या रेसला बॅटरीवर १३.९ व्होल्ट, चार्जिंग ठीक. अगदी हळू रेसला जेमतेम १२.७, रात्री जाळ्यावर संथ चालवताना दिवा लावला तर बॅटरी भरत नाही, उतरते. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढू नये, रेक्टिफायर (इंजिनाची वीज चार्जिंगसाठी डीसी करणारा भाग) जातो.

न्यूट्रल स्विच तपासला : दांडा पुढे, चावी – सेल्फ नाही. दांडा मागे, चावी – सेल्फ नाही. न्यूट्रल – लगेच.

खर्च : केबल १,९५०, लग १४०, स्लीव्ह १६०, दाबणी २००, बल्ब वगैरे २३०, पिना-सील ६५०, पार्सल १२०, फ्यूज होल्डर ९०, ग्रीस १८०, क्लीनर ३२०. एकूण ४,०४० रुपये. आधी काढलेले चावीचा स्विच आणि कार्बन दोन्ही चांगले होते. तो जुना स्विच जादा म्हणून डब्यात ठेवला.

२० जून

पाऊस लागला आहे. बोट रोज नदीवर, वहीत नवीन काही नाही. सकाळी कपलर उघडून बघितला, कोरडा.

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. बोट गावाच्या कामाला लागण्याआधीच पुढची वाचनं घ्यायची ठरली : सेल्फ फिरताना मायनस बाजू, प्लस बाजू, बॅटरी. तिन्ही आजचे आकडे झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिले आहेत. मायनस ०.४ च्या वर गेला की आधी इंजिनाकडचा बोल्ट सोडून, घासून, परत आवळायचा. दोरी, २० अँपिअरचे दोन फ्यूज, जंपर केबल, दहा आणि तेराचा पाना बॅटरीच्या पेटीत. बल्ब काढलेले नाहीत, कायम राहतील.

प्लसच्या टर्मिनलवर रबरी टोपी बसवायची राहिली आहे.